फॅमिलीसोबत पहिल्यांदा मोठ्या क्रूझवर जाताय? केबिन निवडण्यापासून उतरेपर्यंत काय काय करायचं

आमच्या नातेवाइकांत कोणी सिंगापूरचं बुकिंग केलं आणि सोबत क्रूझ घेतली की मला फोन येतोच. केबिन कुठली घेऊ, सासूबाईंना झेपेल का, व्हेज मिळतं का, मुलं बोअर होतील का. आम्ही २०२३ च्या मे महिन्यात सहाजण गेलो होतो, मी, नवरा, दोन मुलं (तेव्हा ४ आणि ९ वर्षांची) आणि सासू-सासरे, सिंगापूरहून स्पेक्ट्रम ऑफ द सीजवर. त्यानंतर इतक्या जणांना फोनवर समजावलंय की म्हटलं आता एकदा नीट क्रमाने लिहूनच काढते.

आधी जहाज किती मोठं असतं त्याचा अंदाज घ्या कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. स्पेक्ट्रम हे रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या क्वांटम वर्गातलं (एकाच धर्तीवर बांधलेल्या जहाजांचा गट) जहाज, जर्मनीत पापेनबुर्गच्या मायर वेर्फ्ट यार्डात बांधलेलं, २०१९ मध्ये आलं. लांबी ३४७ मीटर, १६ डेक म्हणजे मजले, आणि एका केबिनमध्ये दोघं धरले तरी चार हजारांवर प्रवासी. आपल्या मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीची जी एम्प्रेस सुटते ती ४८ हजार ग्रॉस टनाची आणि ही १ लाख ६९ हजारांची. हे ग्रॉस टन म्हणजे वजन नाही बरं का, जहाजाच्या आतली एकूण जागा मोजायचं ते माप आहे, म्हणजे साधारण साडेतीन एम्प्रेस मावतील एवढी जागा. सिंगापूरहून कुठलं जहाज सुटतं ते सीझनप्रमाणे बदलतं, स्पेक्ट्रम तिथे एप्रिल २०२२ पासून होतं, २०२४ च्या शेवटी अँथम आलं, त्यामुळे एजंट नुसतं "सिंगापूर क्रूझ" म्हणाला तर जहाजाचं नाव विचारा आणि त्या जहाजाचा डेक प्लॅन उघडून बसा.

केबिन, सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा

केबिनचे मुख्य प्रकार चार. आतली (खिडकी नसलेली), खिडकीची (ती उघडत नाही), बाल्कनीची आणि सुइट. आतली साधारण १६५ चौरस फूट, बाल्कनीवाली दोनशेच्या आसपास आणि बाल्कनी वेगळी. म्हणजे आपल्या फ्लॅटमधली एक बेडरूम, आणि त्यातच बाथरूम, कपाट, सोफा सगळं. ऐकून छोटी वाटते पण आखणी इतकी विचार करून केलेली असते की चार दिवस कुठे अडत नाही. पलंगाखाली रिकाम्या बॅगा सरकतात, दोन सिंगल बेड जोडून डबल होतो किंवा वेगळे करता येतात, चौघांची केबिन असेल तर सोफ्याचा बेड होतो नाहीतर छतातून एक बर्थ खाली येतो, अगदी ट्रेनच्या अप्पर बर्थसारखा. आमच्या मोठ्याला तो इतका आवडला की दिवसासुद्धा वरच बसायचा.

क्वांटम वर्गात आतल्या केबिनमध्ये एक मजा आहे. भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत मोठा स्क्रीन असतो आणि बाहेरच्या कॅमेऱ्यातून त्या क्षणाचा समुद्र त्यावर दिसतो, त्याला व्हर्च्युअल बाल्कनी म्हणतात. झोपताना बंद करता येतो. मी मात्र रात्री मुद्दाम चालू ठेवायचे, खिडकी नसलेल्या खोलीत पहाट झालेली कळत नाही, आणि स्क्रीनवर हळूहळू उजाडताना दिसलं की मुलं आपोआप उठायची.

आता आम्ही काय केलं ते सांगते कारण फॅमिलीसाठी मला हाच हिशोब सगळ्यात बरा वाटतो. सासू-सासऱ्यांना बाल्कनीची केबिन घेतली आणि आम्हा चौघांना कॉरिडॉरच्या पलीकडे समोरचीच आतली. बाल्कनी सगळ्यांनी वापरली, सकाळचा चहा तिथेच, आणि दोन्ही केबिन बाल्कनीच्या घेण्याचा जास्तीचा खर्च वाचला. त्याच केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडंही बऱ्याचदा पहिल्या दोघांपेक्षा कमी असतं, हे पण एजंटला विचारा. एकच बाल्कनी घ्यायची तर ती ज्येष्ठांना द्या, मुलं केबिनमध्ये फक्त झोपायला येतात, आजी-आजोबा तासन्तास बसतात.

प्रकार ठरला की जागा ठरवा, आणि इथेच लोक चुकतात, भाडं बघून मोकळे होतात. जहाज लाटेवर पुढे-मागे झुलतं ते सी-सॉसारखं, टोकं जास्त हलतात आणि मधला भाग कमी, शिवाय जितकं खाली तितकं डोलणं कमी. म्हणून बोट लागायची भीती असेल त्यांच्यासाठी मधली आणि खालच्या-मधल्या डेकवरची केबिन. लिफ्टपासून चार-पाच दारं पुढे असेल तर उत्तम, अगदी लिफ्टला लागून नको. डेक प्लॅनवर तुमच्या केबिनच्या वर काय आहे ते बघा. वर पूल किंवा बुफे आला तर सकाळी सहाला खुर्च्या सरकवल्याचा आवाज डोक्यावर येतो, खाली थिएटर आलं तर रात्री ढोल. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील अशी केबिन निवडा, हा एकच नियम लक्षात राहिला तरी पुरे. खिडकीपुढे लाइफबोट येत असेल तर बाहेरचं नीट दिसत नाही म्हणून ती केबिन स्वस्त असते, तेही आधी विचारून घ्या.

"गॅरंटी" नावाचा एक स्वस्त पर्याय मिळतो, त्यात प्रकार तुमचा आणि नंबर कंपनी देणार. दोघंच असाल तर घ्या. दोन केबिन लागणार असतील तर अजिबात घेऊ नका, एक सहाव्या डेकवर आणि एक बाराव्यावर मिळाली तर दिवसभर आजींना शोधत फिराल. दोन केबिनच्या मधून दार असलेल्या कनेक्टिंग केबिनही असतात, मुलं थोडी मोठी असतील तर फार सोयीच्या, पण पलीकडे अनोळखी लोक असतील तर त्या दारातून आवाज येतो.

निघायच्या आधी

व्हिसा सिंगापूरचा आणि तो मल्टिपल एंट्रीचा लागतो कारण तुम्ही जहाजातून देशाबाहेर जाऊन परत येताय. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड (देशात येण्याआधी ऑनलाइन भरायचा फॉर्म) विमानाने उतरताना एकदा आणि क्रूझवरून परत येताना पुन्हा भरायचं असतं, येण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, हे दुसरं कार्ड बहुतेकजण विसरतात. जहाज वाटेत पिनांग आणि फुकेतला थांबतं, त्या देशांचे, म्हणजे मलेशिया आणि थायलंडचे नियम बदलत राहतात, ते तिकीट काढताना आणि निघायच्या आठवड्यात असे दोनदा बघा. पासपोर्टला सहा महिने शिल्लक हवेत. सहा महिन्यांपेक्षा लहान बाळाला रॉयल कॅरिबियनच्या जहाजावर घेत नाहीत आणि गरोदरपणाच्या २४ व्या आठवड्यापासून प्रवास करता येत नाही.

बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन क्रेडिट कार्डाचं इंटरनॅशनल वापर सुरू आहे का ते तपासा, आपल्याकडे नवीन कार्डावर ते बंदच असतं. जहाजावर रोख चालत नाही, तुम्हाला मिळणारं कार्ड म्हणजेच केबिनची किल्ली, ओळखपत्र आणि पाकीट, आणि त्याच्यामागे तुमचं क्रेडिट कार्ड जोडलेलं. सगळा हिशोब अमेरिकन डॉलरमध्ये.

बॅगेत काय हवं? एक शाल किंवा स्वेटर (आत एसी फार गार), युनिव्हर्सल अ‍ॅडॉप्टर, छोटा प्लास्टिकचा मग कारण बाथरूममध्ये जेट स्प्रे मिळेल याची खात्री नाही, आणि लोहचुंबकाचे हुक. हो, हुक. केबिनच्या भिंती आणि दार आतून पोलादाचे असतात, त्यावर मॅग्नेट घट्ट बसतो. टोप्या, ओले स्विमसूट, पर्स सगळं भिंतीला टांगता येतं आणि एवढ्याशा खोलीत पसारा होत नाही. सासूबाईंनी दाराबाहेर एका हुकला नारिंगी रंगाचं लोकरीचं फूल अडकवलं होतं, घरून विणून आणलेलं. त्या कॉरिडॉरमध्ये शंभर दारं एकसारखी, नंबर वाचायला चष्मा शोधावा लागायचा, पण ते फूल लांबूनच दिसायचं. दुसऱ्या दिवशी तिथला केबिन अटेंडंट हसत हसत खुणेने विचारत होता की हे कोणी बनवलं.

इस्त्री, केटल, एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका, आगीच्या भीतीने स्कॅनिंगमध्ये काढून ठेवतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. घरी केलेले पदार्थ आत नेता येत नाहीत, कंपनीचं सीलबंद पाकीट चालतं, म्हणजे चिवडा-भाकरवडी दुकानातली घ्या. तंबाखू, गुटखा, मिश्री मात्र घरीच ठेवा, चघळायच्या तंबाखूवर सिंगापूरमध्ये बंदीच आहे, घरातल्या ज्येष्ठांना हे समोर बसून सांगा.

बोट लागण्याबद्दल. सिंगापूर ते पिनांग हा मलाक्काच्या सामुद्रधुनीतला रस्ता, एका बाजूला सुमात्रा आणि दुसऱ्या बाजूला मलेशिया, त्यामुळे पाणी बहुतेक शांत. फुकेतकडे अंदमान समुद्र लागतो, पावसाळ्यात तिथे थोडं डोलतं. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी डोलायला लागल्यावर घेतली तर उपयोग कमी होतो, आधीच घेतलेली बरी, आणि मुलांना व बीपी-शुगरवाल्यांना कुठली द्यायची ते डॉक्टरांना विचारून न्या. आलेपाक सोबत ठेवाच. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये क्रूझ धरलीये ना हेही बघून घ्या, जहाजावर दवाखाना असतो पण त्याचं बिल डॉलरमध्ये असतं.

चढायचा दिवस

सिंगापूरला आदल्या दिवशीच पोचा. विमान लेट झालं तर जहाज थांबत नाही. जहाज मरीना बे क्रूझ सेंटरवरून सुटतं, त्याला मरीना साउथ पियर हे एमआरटीचं (तिथली मेट्रो) स्टेशन जवळ आहे, पण बॅगा आणि ज्येष्ठ असतील तर सरळ टॅक्सी. क्रूझ कंपनीच्या अ‍ॅपवर चेक-इन आधीच करा, फोटो अपलोड करा आणि येण्याची वेळ निवडा, जितकी लवकरची मिळेल तितकी. बॅगांना टॅग लावून टर्मिनलवर देऊन टाकायच्या, त्या दुपारी उशिरा नाहीतर संध्याकाळी केबिनच्या दाराशी येतात. म्हणून हातातल्या पिशवीत पासपोर्ट, औषधं आणि मुलांचे पोहायचे कपडे ठेवा. आम्ही साडेबाराला चढलो, मुलं दोन वाजता पाण्यात होती, तेव्हा पूल जवळजवळ रिकामा होता आणि नंतर चार दिवसांत तसा परत मिळाला नाही.

पहिल्या दुपारी ही कामं याच क्रमाने उरकून टाका. एक, मस्टर. संकटात कुठे जमायचं ते ठिकाण तुमच्या कार्डावर लिहिलेलं असतं, फोनवर व्हिडिओ बघायचा आणि मग सगळ्यांनी स्वतः तिथे जाऊन कार्ड स्कॅन करून घ्यायचं. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडाली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कित्येकांची ड्रिल झालेलीच नव्हती, त्यानंतर नियम कडक झाले. मुलांना सोबत न्या, ती जागा त्यांना पायाने कळू दे. दोन, शो आणि राइडची बुकिंग अ‍ॅपवर. शो फुकट असतात पण जागा भरतात. तीन, मुलांच्या क्लबमध्ये नाव नोंदवा. चार, डायनिंग रूममध्ये जाऊन तुमचं टेबल कुठलं ते बघा आणि तिथल्या हेड वेटरशी बोला. का ते सांगते.

जेवण

तिकिटात मोठी डायनिंग रूम, वरचा बुफे (त्याला विंडजॅमर म्हणतात) आणि एक-दोन कॅफे येतात. जपानी, स्टेक, इटालियन अशी खास रेस्टॉरंट वेगळ्या पैशांची. पाणी, साधा चहा-कॉफी बुफेत फुकट, कोल्ड्रिंक आणि दारूचे पैसे. दारूचं पॅकेज एकाने घेतलं की त्या केबिनमधल्या सगळ्या मोठ्यांना घ्यावं लागतं, म्हणजे नवऱ्याला हवंय आणि बायको घेत नाही तर हिशोब करून बघा, बऱ्याचदा सुटं घेणंच स्वस्त पडतं.

सिंगापूरच्या फेऱ्यांवर भारतीय एवढे असतात की बुफेत डाळ, भात, एखादी पनीरची भाजी, रोटी मिळते. पण खरं चांगलं जेवण डायनिंग रूममध्ये, आणि ते सांगितलं तर. पहिल्या रात्रीच हेड वेटरला सांगायचं की आम्ही इतके व्हेज, उद्यापासून भारतीय जेवण हवं, तिखट चालेल की नाही, कांदा-लसूण चालतो की नाही. मेन्यूत नसलेलं ते दुसऱ्या दिवसासाठी करून देतात. आमच्या टेबलावर दुसऱ्या रात्री भेंडीची भाजी आणि गरम पोळ्या आल्या तेव्हा सासरे काही बोलले नाहीत, फक्त ताट ओढून घेतलं आणि त्या दिवसात पहिल्यांदा पोटभर जेवले. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा आणि चढल्यावर परत सांगा.

रात्रीच्या जेवणाच्या साधारण दोन वेळा असतात, सहाच्या आसपास आणि आठच्या आसपास. आपल्याला सवयीने आठची बरी वाटते पण लहान मुलं असतील तर लवकरची घ्या, दिवसभर पोहून ती आठला टेबलावरच झोपतात. नंतर भूक लागलीच तर कॅफेत पिझ्झा मिळतो. बुफेत शिरताना हात धुवायला लावतात, ते मनापासून करा, बंद जहाजात पोटाचा विकार एकाला झाला की पसरायला वेळ लागत नाही.

मुलं दिवसभर काय करतात

नॉर्थ स्टार म्हणजे क्रेनच्या टोकाला काचेची खोली, समुद्रापासून ३०० फुटांपर्यंत वर नेते. वारा असला की बंद ठेवतात, म्हणून शेवटच्या दिवसावर ठेवू नका, पहिली मिळेल ती वेळ घ्या. वर गेल्यावर एवढं मोठं जहाज पायाखाली खेळण्यासारखं दिसतं, आणि मलाक्काच्या रस्त्यावर मालवाहू जहाजांची रांगच्या रांग लागलेली दिसते, आमचा मोठा तेवीसपर्यंत मोजत होता.

रिपकॉर्ड म्हणजे हवेच्या झोताच्या नळीत तरंगणं, फ्लोरायडर म्हणजे लाटेवर सर्फिंग. फ्लोरायडरवर झोपून जायला ५२ इंच आणि उभं राहून जायला ५८ इंच उंची लागते, मुलाची उंची घरीच मोजा आणि आधीच सांगून ठेवा, रांगेत अर्धा तास उभं राहून परत फिरणं त्यांच्या फार मनाला लागतं. सीप्लेक्स या मोठ्या बंद हॉलमध्ये बास्केटबॉल आणि बंपर कार, भर दुपारी उन्हात पूलवर जाण्यापेक्षा तिथे जा.

किड्स क्लबला अ‍ॅडव्हेंचर ओशन म्हणतात, ३ वर्षांपासून पुढे, दिवसा फुकट, रात्री उशिरा तासाप्रमाणे पैसे. डायपर पूर्ण सुटलेला हवा ही अट पक्की आहे. डायपरमधल्या बाळांना मोठ्या पूलमध्येही सोडत नाहीत, स्विम डायपर घातला तरी नाही, त्यांच्यासाठी कारंज्यांचा वेगळा भाग असतो. मुलांची लाइफ जॅकेट पूलवर फुकट मिळतात. टॉवेल कार्डावर देतात, परत केला नाही तर पैसे लागतात. सोलॅरियम हा काचेच्या छताखालचा शांत भाग १६ वर्षांवरच्यांसाठी, आजी-आजोबांना दुपारी तिथे बसवा, त्यांना खरी विश्रांती तिथे मिळते.

फोन चढल्याबरोबर एअरप्लेन मोडवर टाका आणि वायफाय चालू करा. जहाजाचं अ‍ॅप इंटरनेट पॅक न घेता चालतं, व्हॉट्सअ‍ॅपला पॅक लागतो. मोबाइलने समुद्रातलं सॅटेलाइट नेटवर्क पकडलं तर रोमिंगचं बिल फार मोठं येतं, आमच्या एका नातेवाइकांना दोन दिवसांत जे आलं त्यात अजून एक केबिन आली असती.

बंदरावर उतरायचं असेल तर पिनांग सोपं, जहाज धक्क्याला लागतं आणि जॉर्जटाउन चालत गाठता येतं. फुकेतला जहाज पातोंगसमोर समुद्रात नांगर टाकतं आणि छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात, त्या बोटीत पाऊल टाकताना हलतं, गुडघे दुखणाऱ्यांना हात धरून न्या नाहीतर त्या दिवशी जहाजावरच राहू द्या. तेव्हा पूल, लिफ्ट, बुफे सगळं रिकामं असतं, सासूबाईंना तोच दिवस सगळ्यात आवडला.

शेवटची रात्र

टिप आपोआप लागते, माणशी रोजची, साधारण १८ डॉलरच्या आसपास, लहान मुलांनाही, त्यामुळे बजेट करताना आधीच धरा. अ‍ॅपवर बिल रोज बघत जा आणि काही चुकीचं वाटलं तर शेवटच्या रात्रीच गेस्ट सर्व्हिसला जाऊन विचारा, सकाळी तिथे लांब रांग असते. मोठ्या बॅगा टॅग लावून रात्री दाराबाहेर ठेवायच्या, त्या आधी सकाळचे कपडे, चपला आणि औषधं बाहेर काढून ठेवा. आमच्या शेजारच्या केबिनमधल्या एका काकांनी सगळंच पॅक करून दिलं आणि सकाळी जहाजाच्या बाथरोबमध्ये दारात उभे होते, मग माझ्या नवऱ्याचा टी-शर्ट आणि ट्रॅक पँट त्यांना दिली. बॅगा स्वतः ओढत नेणार असाल तर बाहेर ठेवायची गरज नाही आणि लवकर उतरता येतं, पण सोबत ज्येष्ठ असतील तर तो त्रास घेऊ नका.

मलेशियाहून येताना सिंगापूरमध्ये दारूवर ड्यूटी-फ्री सवलत नसते, जहाजावरून बाटली घेताना हे लक्षात ठेवा. परतीचं विमान दुपारी दोनच्या नंतरचंच घ्या, इमिग्रेशनला हजारो लोक एकदम उतरतात. आणि दारावरचे मॅग्नेटचे हुक काढायला विसरू नका, ते फूल आम्ही जवळजवळ तिथेच सोडून येणार होतो, त्या अटेंडंटनेच धावत आणून सासूबाईंच्या हातात दिलं.